सात इंच

रविवारी मी घोडा धरून चर्चबाहेर उभा राहायचो.
आत भाकर आणि द्राक्षारसाची वेळ झाली
की दार किलकिलं व्हायचं
आणि लेम्युएल हार्कोर्ट,
ज्यांची सही देशाच्या पहिल्या सभेच्या कागदावर आहे,
टोपी हातात घेऊन बाहेर यायचे.
"चल, क्वाको. माझा भाग संपला."
मेजावरची भाकर मात्र त्यांच्याच गव्हाची.
पीठ मी दळून आणायचो.

रेव्हरंड पेटिग्रू जेवायला आले की वाद रंगायचा.
मी खुर्चीमागे, हातात रश्शाचं भांडं.
मालक म्हणायचे, येशू माझा गुरू आहे,
सुताराचा मुलगा, ओळंब्यात सरळ माणूस.
पण तो पाण्यावर चालला, हे मला सांगू नका.
पाणी माणसाला धरत नाही. तो पाण्याचा धर्मच नाही.
पेटिग्रू बिटासारखे लाल व्हायचे.
मला दोघांचंही थोडं थोडं पटायचं,
दोघांच्याही ताटातलं उरलेलं मिळायचं, तसं.

एकदा पाहुणे गेल्यावर त्यांनी मान वळवून विचारलं,
"तुला काय वाटतं?"
आयुष्यात पहिल्यांदा.
मी म्हणालो, रस्सा थंड होतोय, मालक.

एका पुस्तकावरचा त्यांचा विश्वास कधी डळमळला नाही.
कातडी बांधणीची वही.
पान एकतीस: घोडी, तपकिरी. तांब्याची कढई.
क्वाको, वय चाळीस. त्याची बहीण जूबा, दात चांगले.
चमत्कार त्यांनी एकेक करून नाकारले,
या वहीतली ओळ एकही नाही.
सगळी माणसं समान, हेही त्यांनीच
पांढऱ्यावर काळं केलं होतं.
शाई मी उकळायचो, ओकच्या गाठींची.

मग तो जानेवारी.
खुराड्यात कोंबड्या ताठ झाल्या.
ओहायो नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठली,
आणि त्या काठावर पान एकतीस चालत नव्हतं.

रात्री जूबा आली, पायांना पोत्याची फडकी गुंडाळून.
"येतोस?"
मी म्हणालो, माझा गुडघा.
गुडघा चांगला होता.
तिनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि गेली.

सकाळी मालक काठावर उतरले, रोजच्यासारखे,
थर्मामीटर आणि हवामानाची नोंदवही घेऊन.
बर्फावर पिठाएवढा पातळ हिमाचा थर,
त्यात पावलं. फडक्यांनी हिम खरडलेलं,
खालचा काळा बर्फ उघडा पडलेला,
सरळ, पलीकडच्या झाडीपर्यंत.
जूबाला अक्षर येत नव्हतं.
तिनं रातोरात अख्ख्या नदीभर
पांढऱ्यावर काळं केलं होतं.

मालकांनी ते वाचलं.
काठीनं बर्फ ठोकला. मला गिरमिट फिरवायला सांगितलं.
भोकात पट्टी घातली. नोंद केली: सात इंच.
आणि मग जागचे हलेचनात.
वरून भुरभुर सुरू झाली.
एक पाऊल बुजलं, मग त्याच्या पुढचं.
त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या.
शेवटचं पाऊल दिसेनासं झालं,
तेव्हा त्यांनी मुकादमाला हाक मारली.
कुत्री आली, गोल गोल फिरली, शिंकली.
दुपारी त्यांनी जाहिरातही लिहिली.
दहा डॉलर. दात चांगले.

पेटिग्रू पुढे सांगत फिरले
की शेवटच्या रात्री हार्कोर्ट प्रभूला शरण आले.
उशाशी मी होतो. त्यांनी पाणी मागितलं, तेवढंच.

आता पोरंसोरं मला विचारतात,
तुझ्या मालकाला देव होता का रे?
मला तो काठ आठवतो, ती भुरभुर.
ती प्रार्थना होती
की म्हाताऱ्याचे थंडीनं आखडलेले पाय,
मी माफ करावं इतकं ते होतं का,
मला माहीत नाही.
पाण्यानं तिला धरलं.
सात इंच.
पट्टी मीच धरली होती.